टेंभा आणि बेगड

गेल्या उन्हाळ्यात गावाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला. जेमतेम २८ सेकंदांचा. संध्याकाळी लग्न लागल्यावर काढलेली वरात होती. पुढे बँड, मधे फुलांनी मढवलेली बग्गी, बग्गीत नवरा-नवरी, आणि दोन्ही अंगांना झुंबरासारखे विजेचे दिवे खांद्यावर घेतलेल्या बाया. आमच्या गावाच्या मानाने वरात फारच मोठी होती. नवरी कुणाची नात ते कळल्यावर मला आणखीच नवल वाटलं. आईला फोन लावला आणि बोलता बोलता म्हणून गेले, ‘एवढा टेंभा मिरवायची काय गरज होती त्यांना? कर्ज काढलं असणार.’

आई जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘आगं, त्या म्हातारीनं सारी उमर दुसऱ्याच्या लग्नात बत्ती धरली. नातीच्या लग्नात चार दिवं लावलं तर कुणाचं काय गेलं?’

एवढंच बोलली आणि वळवाच्या पावसाकडे वळली. मला मात्र ते वाक्य लागलं. मी मुद्रितशोधनाचं काम करते. २६ वर्षं झाली. दुसऱ्यांचे शब्द तपासण्यावर माझं घर चालतं. कुणी ‘टेंबा’ लिहितं, कुणी ‘टेंभा’, मी दर वेळी ब खोडून भ करते आणि पुढच्या ओळीवर जाते. ज्या शब्दाचं एक अक्षर एवढं सांभाळलं, तो तोंडातून काढताना त्यातली वस्तू मला दिसली नव्हती. आणि ती वस्तू जिने माझ्या देखत धरली, तिच्याच घराला मी तो शब्द लावला होता.

टेंभा म्हणजे मशाल. काठीच्या टोकाला चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, तेलात भिजवायच्या आणि पेटवायच्या. तेल खायचं नव्हे, करंजाचं किंवा असंच कुठलं तरी कडू तेल. धूर फार, वास उग्र. ही ज्योत आपली आपण जळत राहत नाही. चिंध्या कोरड्या पडायला लागल्या की वरून पुन्हा तेल घालावं लागतं, म्हणून एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात तेलाचं भांडं. खंडोबाच्या कुळाचारात ही जोडी अजून तशीच आहे, दिवटी आणि बुधली. आमच्याकडे लग्नानंतर जागरण-गोंधळ होतो, त्यात दिवटी पेटते. घरातली सगळी माणसं तिला हात जोडतात, ज्योतीवर तळवा फिरवून तो डोळ्यांना लावतात. ही घरातली दिवटी पवित्र. आणि घरातलाच पोरगा वाया गेला की त्याला आपण ‘दिवटे चिरंजीव’ म्हणतो. उजेडाच्या वस्तूंवर मराठीने इतका राग का काढला असेल, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे.

वीज नव्हती तेव्हा रात्री बाहेर पडणाऱ्या मोठ्या माणसापुढे मशालजी चाले. गावगाड्यात हे काम बऱ्याच ठिकाणी न्हाव्याकडे असे. पाहुणा अंमलदार रात्री आला किंवा वरात निघाली की मशाल त्याने धरायची. दरबारातून मिळणारे मान वेगळे, पालखीचा, अबदागिरीचा. ज्याला मान मिळाला त्याने पालखीत बसायचं, खांदा दुसऱ्याने द्यायचा. अबदागिरीची सावली एकाच्या डोक्यावर, तिची काठी दुसऱ्याच्या हातात. मला वाटतं, टेंभा मिरवणं हा शब्दप्रयोग इथूनच निघाला असावा. ज्याच्यापुढे कुणी मशाल धरत नाही, असा माणूस स्वतःच टेंभा पेटवून स्वतःच्या तोंडापुढे धरतो आणि गावातून फिरतो, बघा मला म्हणतो. चित्र नेमकं आहे. फक्त त्या चित्रात खरा मशालजी कुठेच नाही. आयुष्यभर टेंभा धरणारा माणूस या वाक्प्रचारातून गळाला आणि त्याच्या हातातली वस्तू तेवढी शिवी होऊन उरली.

मी टेंभा पाहिला तो गॅसबत्तीच्या रूपात.

१९८४ साली धाकट्या आत्याचं लग्न झालं. आमचं गाव आटपाडी तालुक्यात, माणदेशात. घरोघरी वीज आली होती, पण रस्त्यावर अंधारच होता, आणि वरात म्हटली की बत्त्या लागतच. आठ बत्त्या सांगितल्या होत्या. तिन्हीसांजेला त्या आमच्या अंगणात एका ओळीत मांडल्या आणि ज्या बाया त्या घेऊन चालणार होत्या त्या जोत्याला टेकून बसल्या. बत्ती पेटवणं हा मोठा कार्यक्रम असायचा. टाकीत रॉकेल ओतायचं, वरच्या वाटीत स्पिरिट घालून काडी लावायची, नळी तापली की पंप मारायचा. मग सूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा आणि मेंटल आधी पिवळं, मग पांढरंशुभ्र होऊन डोळ्यांत घुसायचं. मेंटल म्हणजे सुताची जाळीदार पिशवी. एकदा जळली की तिची राख होते, पण आकार तसाच राहतो, आणि उजेड देते ती ती राखच. मी बोट पुढे केलं तर एका बाईने हात धरला. ‘शिवू नगो बाय. बोट लागलं की फुटतंया. मग माजं पैसं कापत्याल.’

तीच ही. तेव्हा तिशीची असेल. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो. जुनेराची चुंबळ करून तिने डोक्यावर ठेवली, चुंबळीवर लाकडी फळी, फळीवर बत्ती. दुसऱ्या बाईने वरून हात दिला. मग एक हात फळीला लावून ती उभी राहिली आणि तिथून पुढे दोन-अडीच तास तिने मान हलवली नाही. बत्ती डोक्यावर असली की मान वळवता येत नाही. वरातीत काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. नवरदेव मागे, बँड पुढे, ही कडेला, नजर समोरच्या अंधारात. पावसाळी किडे बत्तीभोवती घोंघावत होते आणि काचेला भाजून तिच्या खांद्यावर पडत होते. ती ते झटकत नव्हती. एक हात फळीला आणि दुसरा पदराखाली पोरावर होता, कडेवर वर्षभराचं मूल होतं.

मी तिच्या शेजारून चालत होते, कारण उजेड तिथे होता. एक गोष्ट तेव्हाच पाहिली, अर्थ फार उशिरा कळला. बत्तीची टाकी खाली असते आणि ज्योत वर. म्हणून बत्तीची सावली बरोबर खाली पडते. सगळ्या वरातीवर उजेड होता, आत्याच्या शालूचा जर चमकत होता, रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता आणि मावशीचं तोंड मात्र काळोखात होतं. दिव्याखाली अंधार ही म्हण मी त्या रात्री चालताना पाहिली. शाळेत तिचा अर्थ लिहिताना ‘थोरांच्या घरीही उणीव असते’ असं काहीतरी लिहून दोन गुण मिळवले होते.

वरात संपल्यावर त्या बाया पुन्हा जोत्यापाशी बसल्या. पंगती उठल्यावर त्यांना वाढलं. मावशी मानेला हात लावून बसली होती. आईने तिला खोबरेल दिलं, एवढं आठवतं.

आता शब्दांकडे येते, कारण माझं दुखणं तिथेच आहे. झगमगाटासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. थाट, डौल, दिमाख, रुबाब, ऐट, शान, इतमाम. आणि दुसरीकडे भपका, डामडौल, बडेजाव, शेखी, अवडंबर, टेंभा. थाट म्हणजे मुळात मांडणी, रचना. भातखंड्यांनी राग बसवले ते दहा थाटांत. म्हणून लग्नाचा थाट म्हटला की त्यात नीटनेटकेपणा ऐकू येतो. डौल चालण्यातला असतो, बैलाच्या, बाईच्या, नावेच्या. भपका मात्र एकदम येतो आणि जातो, अत्तराचा येतो तसाच गटाराचाही. हे बारकावे मला फार प्रिय आहेत आणि ते जपावेत म्हणून मी पगार घेते. पण कुठला शब्द कुणाला लावायचा हे ठरवताना आपण वस्तूकडे बघतच नाही, माणसाकडे बघतो. मोठ्या पदावरचा माणूस गेला की शासकीय इतमामात निरोप. साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या घरचं लग्न ‘थाटामाटात पार पडलं’, असं मी किती वेळा तपासलं असेल याची गणती नाही. मजुराच्या घरचं लग्न थाटामाटात पार पडल्याची एकही ओळ २६ वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली नाही. त्या घराने तशी वरात काढली तर तिथे टेंभा येतो, बडेजाव येतो, आणि पाठोपाठ म्हणी येतात. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा. ऋण काढून सण. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

सोनुबाईच्या म्हणीवर मी जरा थांबते. आईबापांनी हौसेने लेकीचं नाव सोनू ठेवलं. सोनं परवडलं नाही, कथील परवडलं. यात सोनुबाईने कुणाला फसवलं? तिने वाळा सोन्याचा म्हणून विकायला आणला नव्हता. तिच्या हातात काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या तिच्या मनगटाकडे बोट दाखवून आपण हसतो आहोत.

या हसण्याने एकदा राज्यकर्त्यांचंही काम सोपं केलं होतं. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. कर्जखतं, वह्या, जे कागद त्यांना बांधून ठेवत होते ते बाहेर काढून जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. तोवर कचेऱ्यांमधे एक समज घट्ट बसला होता की कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो आणि म्हणून कर्जात बुडतो. आयोगाने हिशेब तपासले आणि लिहिलं की लग्नाच्या आणि सणांच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. मिळकतीच्या मानाने खर्च मोठा दिसतो खरा, पण तो प्रसंग क्वचित येतो, आणि वर्षांच्या बेरजेत पाहिलं तर अशा माणसाने आपल्या सुखासाठी जेवढं खर्चावं तेवढाच तो भरतो. खरी कारणं दुसरीकडे होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, शेतसारा वाढवला होता, आणि सावकाराचं व्याज तर होतंच. दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीचा कायदाही झाला. परक्या सरकारच्या आयोगाला वह्या चाळल्यावर जे दिसलं ते मला दीडशे वर्षांनी, माझ्याच गावचा व्हिडिओ बघून दिसलं नाही. मी अर्ध्या मिनिटात म्हणाले, कर्ज काढलं असणार.

लग्नापायी बुडालेली घरं नाहीत असं मी म्हणत नाही. आमच्याच भावकीत एकाने दोन एकर विकून मुलगी उजवली. त्या लग्नात पाचशे माणसांची पंगत होती, आहेर होता, मुलाकडच्यांनी मागितलेली मोटारसायकल मांडवात उभी होती. जमीन गेल्याचं दुःख त्या माणसाने पुढे कधी बोलून दाखवलं नाही, पण बांधावरून जाताना तो मान खाली घालायचा. त्या लग्नाला गावात कुणी टेंभा म्हटलं नाही. तो थाट होता. मागून घेतलेल्या खर्चाला थाट आणि हौसेने केलेल्या खर्चाला टेंभा, हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

बेगडाचंही असंच झालं. बेगड म्हणजे कथलाचा पातळ, रंगीत, चकचकीत पत्रा, कागदासारखा. सोनेरी, हिरवा, लाल. त्यावरून बेगडी हा शब्द आला आणि आता मराठीत बेगडी प्रेम असतं, बेगडी देशभक्ती असते, बेगडी अश्रू असतात. शब्द इतका पक्का झाला आहे की खरं बेगड ज्यांनी हातात धरलं नाही त्यांनाही तो वापरता येतो.

मी धरलं आहे. आमच्याकडे बैलांचा सण बेंदूर, आषाढातला. आदल्या दिवशी बाबा बाजारातून हिंगूळ, गोंडे, नवी वेसण आणि बेगडाचे चार कागद आणायचे. सकाळी बैल ओढ्याला नेऊन दगडाने घासून धुवायचे. मग शिंगं तासायची, तेल लावायचं, हिंगूळ चढवायचा. तो वाळला की बेगड. माझं काम पट्ट्या कापायचं. बोटभर रुंद, सरळ. आईने कणकेची खळ शिजवलेली असायची. बाबा बैलाच्या तोंडापाशी उकिडवे बसायचे, डावा हात शिंगाच्या बुंध्याला आणि उजव्या हाताने पट्टी तिरपी गुंडाळत वर न्यायचे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर जरासा चढला पाहिजे, नाहीतर मधून शिंग दिसतं. नखाने पट्टी दाबून सुरकुती काढायची. बैल मान झटकायचा, बाबा त्याच्या गळ्याची पोळी खाजवत थांबायचे आणि तो निवला की पुन्हा सुरू. एका शिंगाला पाऊण तास लागे. कुणी घाई केलेली त्यांना चालायची नाही. वर्षभर त्या मानेवर जू होतं, ती मान बाबांनी रोज पाहिलेली होती.

एका दुष्काळी वर्षी घरात ज्वारी मोजून दळायची पाळी होती. जोडीतला एक बैल विकला होता. तरी बाबा बेगड घेऊन आले. आजी म्हणाली, ‘खायाला न्हाय आन् शिंगाला बेगड?’ बाबांनी कागद उलगडून दारातल्या उन्हात धरला, फाटलाय का बघितला आणि म्हणाले, ‘वर्सातला एक दिस त्येचा हाय.’ त्या वर्षी एकाच बैलाची मिरवणूक निघाली. जोडीदार नव्हता म्हणून त्याच्या बाजूने मी चालले, कासरा धरून. वेशीपासून मारुतीपर्यंत आणि परत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती शिंगं जी पेटली होती ती मी कधी विसरणार नाही. बेगडी म्हणजे खोटं, हे मी छापील मजकुरात रोज मान्य करते, कारण शब्द समाजाचा असतो. घरात मी तो वापरत नाही.

मिरवणं या क्रियापदातही आधी एवढा सल नव्हता. संतांच्या अभंगांतून, ओव्यांतून देवाच्या अंगावर पीतांबर मिरवतो, गळ्यात तुळशीमाळ मिरवते, म्हणजे शोभते. जे शोभतं ते मिरवतं, असा सरळ अर्थ. शोभणं आणि दाखवणं यांच्यात फट पडत गेली ती नंतर. पण अजूनही आजीच्या वयाची बाई नातसुनेला म्हणते, घे, नेस, मिरव. त्या मिरवण्यात आशीर्वाद असतो.

आणि मिरवण्याचा हक्कच ज्यांना नव्हता त्यांचं काय? कुणी कुठला दागिना घालायचा, लुगडं कुठवर नेसायचं, पायात वहाण असावी की नसावी, वरात कुठल्या आळीतून जाऊ नये, हे जातीने ठरवलेलं होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रहासाठी जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. लुगडं नेसण्याची पद्धत बदला असं त्यांनी सांगितलं, आणि अंगभर घातलेले कथलाचे-चांदीचे दागिने उतरवा असंही. त्या दागिन्यांवरून आणि नेसण्यावरून जात ओळखू येत होती. मी ते वाचलं तेव्हा सोनुबाईचा वाळा मला वेगळा दिसायला लागला. ज्या कथलावरून गाव हसत होतं, ते कथील तिला कुणी दिलं होतं, सोनं तिच्या हाती येऊ नये याची काळजी कुणी घेतली होती? आज तिची पणती घोड्यावर बसते, बग्गीत बसते, डोळ्यांवर काळा चष्मा लावते आणि बाजूने दिवे चालतात. हे बघून आपल्या जिभेवर पहिला शब्द टेंभा येत असेल, तर तो शब्द फार जुन्या ठिकाणाहून येतो आहे.

मग टेंभा शब्द टाकून द्यावा का? मला तो टाकावासा वाटत नाही. शब्द चांगला आहे, त्याला त्याची जागा दिली पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभित्व समजावताना ज्ञानदेव एकामागून एक उपमा देतात. रानात सापडलेला धनवान आपली श्रीमंती लपवतो तसं, शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो तसं, आपल्या हातून घडलेलं दानपुण्य झाकावं. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला ही पेरणीची उपमा फार जवळची आहे. कुरीमागून कुळव फिरवतात. बी उघडं राहिलं तर पाखरं टिपतात, उरलेलं उन्हाने करपतं. झाकलं तरच उगवतं. पण नीट पाहिलं तर ज्ञानदेव झाकायला सांगतात ते दान. लेकीबाळींचं सुख झाका, असं त्यांनी म्हटलेलं नाही.

आपण नेमकं उलट करतो. माणदेशात दुष्काळात टँकर येतात. २०१९ च्या उन्हाळ्यात मी गावी होते. एका टँकरला दोन्ही बाजूंनी फ्लेक्स लावला होता, त्यावर पाणी देणाऱ्याचा हात जोडलेला फोटो, मागे आणखी पंधरा-वीस चेहरे. टँकर आला, पण नळी सोडली नाही. आधी फोटो काढायचे होते. बायांना घागरी घेऊन एका ओळीत उभं केलं, घागर जरा वर धरा म्हणाले, रिकामी घागर वर धरून बाया उन्हात उभ्या राहिल्या. आई त्यांत होती. माझ्या डोळ्यांसमोर गॅसबत्त्या घेतलेल्या बायांची ओळ आली. टेंभा हा शब्द मला तिथे वापरायला हवा होता, मोठ्याने, आणि मी गप्प बसले. त्या शब्दाची जागा तिथे होती. उजेड ज्याच्या तोंडावर पडतो तो एक आणि मान अवघडते ती दुसऱ्याची, अशा जागी.

(आता आमच्याकडच्या बऱ्याच शिवारांत टेंभू योजनेचं पाणी आलं आहे, कृष्णेचं. टेंभू हे कराड तालुक्यातलं गाव, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुवून वाळवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असे दिवस काढलेला माणूस. गावाच्या नावाचा टेंभ्याशी संबंध आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पाट वाहताना दिसला की मला त्या दोरीवरच्या सदऱ्याची आठवण येते, इतकंच.)

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी व्हिडिओ पुन्हा लावला. प्रुफं वाचताना लागलेली सवय आहे, दुसऱ्या वाचनात कडा बघायच्या. पहिल्यांदा मी बग्गी पाहिली होती, दिव्यांची झुंबरं मोजली होती, बँडवाल्यांच्या अंगावरच्या सोनेरी झालरी पाहिल्या होत्या. आता कडेला पाहिलं. म्हातारी बग्गीच्या पुढे नाचणाऱ्या बायांमधे होती, हिरव्या नऊवारीत, कपाळाला गुलाल. अकराव्या-बाराव्या सेकंदाला ती नाचता नाचता थांबते. गर्दीतून वाट काढत दिवेवाल्या बायांच्या ओळीकडे जाते. त्यांतली एक अगदी पोरगेली आहे. दिव्याचा खांब तिने उजव्या खांद्यावर घेतला आहे, जनरेटरची वायर तिच्या पाठीमागून जाते. म्हातारी तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलते, पदराची घडी करून तिच्या खांद्यावर ठेवायला बघते, पण अंगावरचा पदर तेवढा पुरत नाही. मग डोक्याचा रुमाल सोडणाऱ्या एका पोराच्या हातातून ती तो रुमाल घेते. तेवढ्यात कॅमेरा बग्गीकडे वळतो आणि व्हिडिओ संपतो.

बँडच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. मी आवाज वाढवून चार-पाच वेळा ऐकलं. शेवटी पुन्हा आईला फोन केला, व्हिडिओत अमुक ठिकाणी मावशी त्या पोरीला काय सांगत होती ते विचारलं. आई वरातीत होती, पण इतक्या जवळ नव्हती.

‘काय सांगनार,’ आई म्हणाली. ‘खांदा बदल म्हनली आसंल.’